परगांवची रात्र

माणूस परगांवीं दिवस कसा घालवितो याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तो रात्र कोठें काढतो याचा इतिहास मात्र क्वचितच कोणी लिहितो. प्रवासवर्णनांत देवळें येतात, राजवाडे येतात, बाजार व घाट येतात. परंतु ज्या पथारीवर अंग टाकून लेखकानें दुसऱ्या दिवशींचीं देवळें पाहण्याचें बळ मिळविलें, ती पथारी एका ओळींत आटोपते. हा पंक्तिप्रपंच आमच्याहि नजरेस कधीं आला नव्हता. तो यावयास एक लहानसा प्रसंग कारण झाला. तो आधीं सांगतों आणि मग मूळ विषयाकडे वळतों.

गेल्या हिवाळ्यांत एका परिसंवादासाठीं आम्हांस औशाहून मुंबईस जावें लागलें. यजमानांकडील खोली एक दिवस उशिरा मिळणार होती. तेव्हां एका रात्रीची सोय आमच्या पुतण्यानें परस्पर मोबाइलवरून करून टाकली आणि "काका, हॉस्टेल आहे, पण चांगलं आहे" एवढेंच सांगितलें. हॉस्टेल म्हटलें म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें विद्यार्थिदशेंतील वसतिगृह उभें राहतें: झोळ पडलेली लोखंडी खाट, दोरीवरचे ओले पंचे आणि पाण्याशीं स्पर्धा करणारें वरण. मनाची तशी तयारी करून रात्रीं दहाच्या सुमारास आम्ही तेथें पोंचलों. पाहतों तों सारेंच निराळें. भिंतीवर लोकलगाड्या व डबेवाले यांचें मोठें रंगीत चित्र. छतापासून लोंबणारे पितळी दिवे. बसावयास वेताच्या खुर्च्या, वाचावयास पुस्तकें, खेळावयास बुद्धिबळाचा पट. निजावयाच्या दालनांत एकावर एक असे लांकडी पलंग. प्रत्येकास जाड पडदा, उशाशीं दिवा, मोबाइलच्या चार्जिंगची सोय आणि सामानास कुलपाचें कपाट. खोली आठ जणांची, पण पडदा ओढला कीं ज्याची त्याची निराळी. भाडें म्हणाल तर साध्या लॉजच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शाहूनहि कमी. थोड्या पैशांत इतकी टापटीप व इतकी रसिकता पाहून आम्ही मनांत पुतण्यास आशीर्वाद दिला.

मेजामागील तरुणानें आमचें ओळखपत्र मागितलें. त्यावर औशाचा पत्ता होता; तो पाहून त्याचें समाधान झालें. आमच्यामागें एक विशीतला मुलगा उभा होता. त्याच्या ओळखपत्रावर मुंबईचाच पत्ता होता. "लोकल आयडी आम्ही घेत नाही," असें त्यास सांगण्यांत आलें. घरीं कांहीं अडचण आहे, एकाच रात्रीचा प्रश्न आहे, पैसे आतांच देतों, असें त्यानें हळू आवाजांत सांगून पाहिलें. नियम तो नियम. मुलगा पाठीवरची पिशवी सांवरीत जिना उतरून गेला, आणि पन्नाशी उलटलेले आम्ही शिडीनें वरच्या पलंगावर चढलों.

बिछाना उत्तम होता. झोंप मात्र येईना. परक्या शहरांत डोकें टेकावयास जागा मिळणें हें पूर्वीं कशावर अवलंबून होतें? पैशावर, असें आपण सहज म्हणूं. परंतु इतिहास पाहतां पैसा हा दुसरा प्रश्न ठरतो. पहिला प्रश्न दाराशींच विचारला जाई, आणि तो म्हणजे "आपण कोण?" हा होय. त्याचें उत्तर ज्यास देतां आलें त्यास बहुधा फुकटहि जागा मिळाली. ज्यास देतां आलें नाहीं त्याच्या खिशांतील रुपयास कोणी हात लावला नाहीं. मुक्कामाच्या जागेचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशीं या एका प्रश्नाचा इतिहास आहे, असें आम्हांस वाटतें.

स्वस्त आणि सुंदर मुक्काम ही कांहीं आजची नवलाई नव्हे. शेरशहानें सोळाव्या शतकाच्या मध्यास आपल्या हमरस्त्यांवर दर दोन कोसांस एक अशा सराया बांधविल्या, असें अब्बासखान सरवानी या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. त्यानें सरायांची संख्या सतराशें दिली आहे. त्याच्याच वर्णनांत हिंदूंकरितां व मुसलमानांकरितां निरनिराळ्या जागा होत्या, हेंहि सांगितलेलें आहे. म्हणजे दार दोघांनाहि उघडें. मात्र दारांतून आंत गेल्यावर वाटा दोन. त्या काळाच्या मानानें ही व्यवस्था उदारच म्हटली पाहिजे. कारण तींत नाकारणें नव्हतें, निवडणें होतें.

मात्र सराई म्हटली कीं ती सुखाचीच असे, असें समजण्याचें कारण नाहीं. बर्निए नांवाचा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या कारकीर्दींत हिंदुस्थानांत होता. साध्या सरायांविषयीं त्याचें मत मुळींच चांगलें नाहीं. शेंकडों माणसें, घोडीं, खेंचरें व उंट एकत्र कोंडलेलीं अशीं तीं कोठारें होत, अशा आशयाचें तो लिहितो. परंतु याच मनुष्यानें १६६३ च्या आपल्या दिल्लीवरील पत्रांत शहाजहानची कन्या जहानआरा हिनें बांधविलेल्या सराईची मुक्तकंठानें प्रशंसा केली आहे. मोठा चौक, सभोंवार कमानी, कमानींच्या आंत लहान लहान खोल्या, वर सज्जा व त्यावरहि तितक्याच खोल्या. रात्रीं दरवाजा बंद होई आणि आंतला परदेशी व्यापारी निर्धास्त झोंपे. पॅरिसमध्यें अशा वीसेक इमारती असत्या तर त्या शहरीं नव्यानें येणाऱ्या परक्यांस सुरक्षित व माफक दराची जागा शोधतांना आजच्यासारखी अडचण पडली ना, असें तो म्हणतो. वाचकांनीं क्षणभर थांबून याचा विचार करावा. सतराव्या शतकांतला पॅरिसचा मनुष्य दिल्लीच्या एका मुसाफिरखान्याकडे पाहून आपल्या राजधानीची लाज बाळगतो आहे! ती सराई चांदणी चौकांत होती. १८५७ च्या बंडानंतर इंग्रजांनीं ती पाडली आणि त्या जागीं टाउन हॉल उभा राहिला. पण बर्निएच्याच लेखणींतून आणखी एक गोष्ट निसटते. या सराईंत उतरणारे लोक मुख्यतः श्रीमंत इराणी, उझबेग व दुसरे परदेशी व्यापारी होते. सौंदर्य होतें, सुरक्षितता होती, पण "आपण कोण?" या प्रश्नास "सौदागर" हें उत्तर असावें लागे.

आतां दिल्ली सोडून आपल्या मुलखांत येऊं. आमच्या औशाची सर्वांत प्रसिद्ध इमारत सराई नसून किल्ला आहे, म्हणजे परक्यास बाहेर ठेवण्याकरितांच बांधलेली. बहामनी काळापासून नांवाजलेला हा भुईकोट अशा खोलगट जागीं आहे कीं अगदीं जवळ जाईपर्यंत तो नजरेस पडूं नये. मलिक अंबरासारख्या मुत्सद्द्याचा येथें अंमल होता, आणि १६३६ सालीं उदगीर व औसा हे दोन्ही किल्ले मोंगलांनीं घेतले. अशा गांवीं सैन्यें आलीं तीं पालें ठोकून राहिलीं. अधिकारी आले ते वाड्यांत उतरले. साध्या वाटसरूस मात्र देऊळ, मठ, मशीद किंवा चावडी यांचाच आधार. ज्याची त्याची ओसरी ज्यास त्यास ठाऊक असे. वारकरी आला तर मठांत, फकीर आला तर दर्ग्यांत, सरकारी शिपाई आला तर चावडींत. या सर्वांत न बसणारा आला तर तो गांवाबाहेर, ओढ्याकांठीं, झाडाखालीं. त्या झाडाखालच्या रात्रींची नोंद कोणत्याहि दप्तरांत नाहीं.

तरीहि मराठवाड्यांत या रीतीस मोठे अपवाद झाले, आणि ते विसरतां कामा नये. औरंगाबादची पाणचक्की पहावयास हल्लीं हजारों लोक जातात. पण ती चक्की कशासाठीं फिरत होती हें थोडेच विचारतात. बाबाशाह मुसाफर या बुखाऱ्याकडून आलेल्या सूफी साधूचें तें स्थान. नांवांतच मुसाफर! दूरच्या डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आणून, तें उंचावरून पाडून त्याच्या बळावर जातें फिरविण्याची ही योजना १७४४ च्या सुमारास पुरी झाली. त्या जात्यावर जें पीठ पडे तें दर्ग्यांत येणाऱ्या यात्रेकरूंच्या, विद्यार्थ्यांच्या व अनाथांच्या भाकरीकरितां. आलेल्याचें पोट भरावें म्हणून नदीनाल्यांच्या पाण्यास राबविणें, ही कल्पना कोणत्याहि राजवाड्याहून आम्हांस अधिक भव्य वाटते.

दुसरा अपवाद नांदेडचा. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंग यांनीं तेथें देह ठेविला आणि पुढें १८३२ ते १८३७ या वर्षांत महाराजा रणजितसिंगानें सचखंडाची इमारत उठविली. पंजाबाहून शेंकडों कोस चालत येणाऱ्यास तेथें राहावयास जागा आणि लंगरांत भोजन मिळे. लंगराच्या पंक्तीचा नियमच असा कीं राजा व भिकारी एका ओळींत जमिनीवर बसावे, आणि शेजारच्याची जात विचारूं नये. २००८ सालीं गुरुगादीच्या त्रिशताब्दीच्या वेळीं यात्रेकरूंसाठीं मोठमोठीं निवासस्थानें बांधण्यांत आलीं. मराठवाड्याच्या एका कोंपऱ्यांत तीनशें वर्षें एक दार प्रश्न न विचारतां उघडें राहिलें आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

आमच्या आजोबांच्या पिढीस "मोठें शहर" म्हणजे मुंबई नव्हे, तर हैद्राबाद. औसा तेव्हां निजामाच्या राज्यांतील उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडे. अपील करावयाचें तर हैद्राबाद, नोकरीचा अर्ज घेऊन जावयाचें तर हैद्राबाद, १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघाल्यावर शिकावयाचें तरीहि हैद्राबाद. या शहरांत नामपल्लीच्या रेल्वे स्थानकासमोर १९१९ सालीं सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनीं पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीचें स्मारक म्हणून एक सराई बांधविली. तिला 'सुलह सराई' म्हणत. सुलह म्हणजे तह, समेट. युद्धाच्या स्मरणार्थ स्तंभ उभारण्याची रीत सर्व जगांत आहे. तहाच्या स्मरणार्थ उतारूंना खोल्या बांधण्याची कल्पना मात्र विरळा. राज्यकर्त्याचे दोष पुष्कळ होते, आणि त्या राज्यांत रयतेस जें सोसावें लागलें तें आमच्या भागांत कोणास सांगावयास नको. परंतु गाडींतून उतरणाऱ्या गरीब पक्षकारास स्थानकासमोरच कमानींची, चौकाची, अंगावर राजेशाही थाट असलेली इमारत अल्प खर्चांत रात्रीपुरती आपली म्हणतां यावी, ही गोष्ट त्याच्या पदरीं जमा धरलीच पाहिजे. पुढें ती सराई फार जीर्ण झाली, तिचे भाग ढांसळले. अलीकडच्या वर्षांत तिच्या जीर्णोद्धाराचें काम हातीं घेण्यांत आलें.

१९४८ च्या सप्टेंबरांत हैद्राबाद संस्थान हिंदी संघराज्यांत आलें आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. नकाशावरची एक रेघ हलली आणि औशाचें मोठें शहर बदललें. ज्या पक्षकाराचे पाय नामपल्लीच्या वाटेस सवयीनें वळत, त्याच्या मुलास मंत्रालयाची वाट विचारीत मुंबईस जावें लागलें. वाटहि सोपी नव्हती. कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें काढलेली बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं लातुरापर्यंत आली होती. अडीच फुटी रुळांवरची ती इवलीशी गाडी उतारूंस कुर्डुवाडीस आणून सोडी. तेथें मोठ्या गाडीची वाट पाहत फलाटावर रात्र काढावी लागे. आमच्या घरांतील वडील मंडळींच्या मुंबईच्या आठवणी मुंबईंत सुरू होत नसत. कुर्डुवाडीच्या फलाटावरील ट्रंकेच्या उशापासून सुरू होत. २००८ पर्यंत हा मार्ग रुंद झाला आणि लातुरास रात्रीं बसलेला मनुष्य सकाळीं मुंबईंत उतरूं लागला.

पण मुंबईंत उतरावयाचें कोठें? या शहरानें पाहुण्यांची जी सोय केली होती ती पाहण्यासारखी आहे. साहेबासाठीं व त्याच्या बरोबरीच्यांसाठीं विलायतेहून लोखंडी सांगाडा आणून उभारलेलें वॉटसनचें हॉटेल होतें. १९०३ सालीं ताजमहाल हॉटेल निघालें. मध्यम स्थितीच्या दक्षिणी गृहस्थांसाठीं सरदारगृहासारखीं ठिकाणें होतीं. लोकमान्य टिळक मुंबईंत तेथें उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजीं त्यांनीं देह ठेविला तोहि तेथेंच. परंतु बहुसंख्य येणाऱ्यांचा थारा निराळा होता. गिरणगांवांत कोंकणांतील एकेका गांवच्या मंडळींनीं मिळून एकेक खोली घेतलेली असे. पाळीवरून आलेला मनुष्य पाळीवर जाणाऱ्याच्या जागीं पथारी पसरी. एका जागेवर दोन-दोन, तीन-तीन माणसें आळीपाळीनें झोंपत. खाणें खाणावळींत, सामान ट्रंकेंत, आणि ट्रंक भिंतीशीं. गोमंतकांतील ख्रिस्ती बांधवांनीं याच धर्तीवर धोबी तलाव व आसपासच्या भागांत आपल्या गांवांचे 'कूड' चालविले. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत खलाशी नाममात्र भाड्यांत तेथें राही. संध्याकाळच्या प्रार्थनेस मात्र सर्वांनीं हजर राहिलें पाहिजे. धोबी तलावावरील जेर महाल या इमारतींत असे कूड आमच्या काळापर्यंत नांदत आले. शिवाय देवळांच्या आवारांत व बाजारांत व्यापारी जातींच्या धर्मशाळा होत्या. त्यांपैकीं पुष्कळांच्या दारावर त्या कोणत्या ज्ञातीच्या लोकांसाठीं आहेत हें संगमरवरावर कोरलेलें असे.

या सर्व व्यवस्थांविषयीं आम्हांस आदर आहे. परक्या शहरांत आलेल्या खेडुतास त्या खोल्यांनीं व कुडांनीं अक्षरशः जगविलें. परंतु एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. येथें मनुष्याचें स्वागत होई तें तो मनुष्य म्हणून नव्हे, तर तो आपला म्हणून. गांव एक, जात एक, देव एक असेल तर चटईवर जागा आहे. नसेल तर शहर मोठें आहे, दुसरीकडे पहा. मुंबईनें गांवें मोडलीं नाहींत. तीं एकेका खोलींत उचलून आणून ठेविलीं. ज्याचें गांवच त्यास वेशीबाहेर ठेवीत असे, त्यास या शहरांतहि वेशीबाहेरचीच जागा शोधावी लागली.

या प्रश्नाचें खरें स्वरूप ज्यांस पहावयाचें असेल त्यांनीं १९१७ सालच्या बडोद्याकडे पहावें. डॉ. भीमराव आंबेडकर अमेरिका व इंग्लंड येथील विद्या संपादून संस्थानाच्या नोकरीवर रुजू होण्याकरितां बडोद्यास गेले. हिंदू हॉटेलांत जागा मिळणार नाहीं हें त्यांस ठाऊक होतें. एका पारशी पथिकाश्रमांत त्यांनीं दीड रुपया रोजानें जागा घेतली. पण ती पारशी नांवानें नोंद करून. पाश्चात्य देशांत चार वर्षें राहून आलेल्या या विद्वानास स्वदेशीं डोकें टेकण्यासाठीं दुसऱ्याचें नांव पांघरावें लागलें! वरच्या मजल्यावर लहानशी निजावयाची खोली, बाजूस अडगळीचें मोठें दालन, विजेचा दिवा नाहीं, सोबतीस मनुष्य नाहीं. तेथें कंदिलाच्या उजेडांत पुस्तकें वाचीत त्यांनीं दिवस काढले. अकराव्या दिवशीं सकाळीं कचेरीस निघतांना हातांत काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिन्यावर येऊन उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा खालीं करण्याचा त्यांस हुकूम झाला. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन स्नेह्यांकडे त्यांनीं आसरा मागून पाहिला. दोघांनींहि आपापल्या अडचणी सांगितल्या. शेवटीं बडोद्याच्या सार्वजनिक बागेंत उरलेला वेळ बसून काढून त्यांनीं रात्रींच्या गाडीनें मुंबई गांठली. पदवी होती, पगार होता, भाडें देण्याची तयारी होती. दाराशींच्या पहिल्या प्रश्नाचें पसंत पडणारें उत्तर तेवढें नव्हतें. पुढें १९३४ सालीं ते आपल्या सहकाऱ्यांसह आमच्याच मराठवाड्यांत वेरूळ-दौलताबाद पाहण्यास आले, तेव्हां हा त्रास टळावा म्हणून आपली ओळख न देतांच प्रवास करावयाचा त्यांनीं बेत केला होता. दौलताबादच्या हौदावर हातपाय धुतांच ती ओळख फुटली आणि पाण्यावरून जो कोलाहल झाला तो त्यांनीं स्वतःच लिहून ठेविला आहे. बडोद्याचा प्रसंग अठरा वर्षांनींहि आठवला कीं डोळे भरून येतात, असेंहि ते तेथेंच सांगतात.

कायद्यानें या क्षेत्रांत दोन वेळां पाऊल टाकलें, आणि दोन्ही पावलांची दिशा निरनिराळी आहे. ब्रिटिश सरकारनें १८६७ सालीं सरायांचा कायदा केला. सराईची नोंद झाली पाहिजे, जागा स्वच्छ ठेविली पाहिजे, पहारा ठेविला पाहिजे, दरांचें पत्रक लाविलें पाहिजे, हे त्यांतील नियम चांगलेच होते. परंतु उतरणाऱ्या लोकांची माहिती अधिकाऱ्यानें मागितल्यास सराईवाल्यानें ती दिली पाहिजे, असाहि त्यांत एक नियम होता. म्हणजे "आपण कोण?" हा प्रश्न आतां शेजाऱ्याकडून सरकारकडे गेला. जातीचा पहारेकरी उठला नाहीं. त्याच्या शेजारीं पोलिसाची खुर्ची आली. दुसरें पाऊल स्वतंत्र भारताचें. १९५० च्या घटनेच्या पंधराव्या कलमानें धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाहि नागरिकास हॉटेलांत मज्जाव करण्यास बंदी केली. १९५५ च्या अस्पृश्यता-प्रतिबंधक कायद्यानें धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना हीं नांवें घेऊन तीच गोष्ट फौजदारी गुन्हा ठरविली. बडोद्याच्या जिन्यावर उभ्या असलेल्या त्या काठ्यांना मिळालेलें हें उत्तर आहे. ज्यांच्या डोक्यावरून तें छप्पर काढून घेतलें गेलें त्यांनींच ती घटना तयार करण्यांत पुढाकार घ्यावा, असा योग इतिहासांत क्वचितच येतो.

आतां त्या पडद्यांच्या पलंगांचा वंश पाहूं. तो जर्मनीतून आला आहे. रिखार्ड शिरमान नांवाचा शाळामास्तर १९०९ च्या ऑगस्टांत मुलांना घेऊन पायीं सहलीस निघाला असतां वादळी पावसांत सांपडला. एका खेड्यांतल्या शाळेंत गवत पसरून सर्वांनीं रात्र काढली. सुटींत मोकळ्या पडलेल्या शाळा फिरत्या मुलांचें घर कां होऊं नयेत, असें त्या रात्रीं त्याच्या मनांत आलें, आणि १९१२ सालीं आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यांत पहिलें कायमचें युवक-वसतिगृह निघालें. परक्यास बाहेर ठेवणाऱ्या किल्ल्यांत परक्यासाठीं खाटा लागल्या, हें औशाच्या मनुष्यास विशेष गोड वाटतें. ही चळवळ १९४५ सालीं हिंदुस्थानांत आली. पुढें जपानांत ओसाका येथें १९७९ सालीं किशो कुरोकावा या शिल्पज्ञानें एका माणसास पुरेल एवढ्या कोशांचें हॉटेल बांधलें. आमच्याकडे २०१३ नंतर तरुणांचीं चित्रविचित्र रंगांचीं हॉस्टेलें शहरोशहरीं निघालीं, आणि २०२१ च्या नोव्हेंबरांत मुंबई सेंट्रल स्थानकावर अठ्ठेचाळीस कोशांचें विश्रांतिगृह सुरू झालें. बारा तासांस नऊशें नव्व्याण्णव रुपये हा त्याचा आरंभीचा दर होता, आणि स्त्रियांसाठीं त्यांत स्वतंत्र कोश ठेविले होते.

ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जुन्या सर्व व्यवस्थांत एकट्या स्त्रीस जागा नव्हती. ती कोणाची तरी आई, पत्नी वा बहीण म्हणूनच धर्मशाळेंत शिरूं शके. मराठवाड्यांतील एखादी मुलगी परीक्षेकरितां किंवा मुलाखतीकरितां एकटी मुंबईस जाते, पडदा ओढून निर्धास्त झोंपते आणि सकाळीं आपल्या कामास लागते, हें दृश्य जहानआरेच्या सराईनेंहि पाहिलें नव्हतें. नव्या हॉस्टेलांत शेजारच्या पलंगावर कोण आहे हें कोणी विचारीत नाहीं, आणि न विचारणें हीहि एक मोठी सुधारणा आहे. ज्यांचे पूर्वज पंक्तीवरून भांडत त्यांचीं मुलें एका चहाच्या किटलीभोंवतीं बसलेलीं आम्हीं त्या रात्रीं पाहिलीं.

मात्र प्रश्न नाहींसा झाला आहे, असें आम्हांस म्हणवत नाहीं. तो मुकाट्यानें कागदावर गेला आहे. जात विचारीत नाहींत, पत्ता विचारतात. त्याच शहरांतला मनुष्य एका रात्रीचा आसरा मागूं लागला तर त्याच्याविषयीं आधीं संशय घ्यावयाचा, अशी अनेक ठिकाणीं रीत पडली आहे. व्यवस्थापकाच्याहि अडचणी असतील. तंटेबखेडे नकोत, पोलिसांचा ससेमिरा नको, हें त्याचें म्हणणें अगदींच पोकळ नसेल. परंतु घर असून त्या रात्रीं घरीं जातां येत नाहीं असा मनुष्य घरापासून शेंकडों कोस दूर असलेल्या उतारूपेक्षां कमी निराधार आहे काय? प्रवासी कोणास म्हणावें याची आपली व्याख्या अद्याप अंतरानें मोजलेली आहे. गरजेनें मोजलेली नाहीं. पाणचक्कीचें जातें फिरविणाऱ्यांनीं ती गरजेनें मोजली होती.

वाचक म्हणतील, प्राध्यापकमहाशयांनीं त्या वेळीं काय केलें? हा प्रश्न न्याय्य आहे आणि त्याचें उत्तर देणें भाग आहे. आम्हीं कांहीं केलें नाहीं. मेजामागील तरुणास दोन शब्द सांगावे, त्या मुलास निदान हांक मारून त्याची अडचण विचारावी, इतकें सुचावयास फार विद्वत्ता लागत नव्हती. परंतु आमचें ओळखपत्र पसंत झालें होतें, किल्ली हातांत पडली होती, आणि ज्यास जागा मिळाली त्यास दाराबाहेरचा मनुष्य फार लवकर दिसेनासा होतो. बडोद्याच्या त्या दोन स्नेह्यांविषयीं आम्ही वर्गांत अनेक वर्षें कठोर शब्दांत बोलत आलों आहों. यापुढें बोलतांना आवाज थोडा खालीं येईल.

सकाळीं शिडीनें उतरतांना आम्हीं पाहिलें: आमच्या खालचा पलंग रात्रभर मोकळाच होता. चादरीची घडीहि मोडलेली नव्हती.